पेशंट बावीस, सिस्टर एक

मेमो हातात पडला तेव्हा मी सेंट्रीफ्यूजपाशी उभी होते. चार तासांचं सॅम्पल पंचवीस मिनिटं उशिरा काढलंत, खुलासा द्या. उशीर झाला, नाही म्हणत नाही. पण नेमक्या त्याच वेळी पलीकडच्या खुर्चीवर दुसऱ्या ट्रायलच्या बाईंना औषध चढताना हुडहुडी भरली होती. मी घड्याळ बघायचं की बाई? मॅनेजरना हेच विचारलं, तर स्क्रीनवरून मान वर न करता म्हणाले, "सिस्टर, टाइम मॅनेजमेंटचा एखादा कोर्स करा."

रुग्णालय मुंबईतलं, नाव लिहीत नाही. कॅन्सरच्या चार ट्रायल, बावीस पेशंट आणि रिसर्च नर्स मी एकटी. मॅनेजरसाहेबांचा हिशेब सरळ होता: प्रत्येकाची महिन्याला एक व्हिजिट, म्हणजे बावीस व्हिजिटी, कामाचे दिवस चोवीस. "रोज एक पेशंटसुद्धा नाही हो तुम्हाला!" हे चार माणसांसमोर, हसत.

आता ती 'एक व्हिजिट' काय असते ते सांगते. औषधाच्या आधी रक्त, संपल्याबरोबर रक्त, मग दोन, चार आणि आठ तासांनी. दर वेळी बर्फात ट्यूब, थंड सेंट्रीफ्यूज, प्लाझ्मा दोन कुप्यांत, लेबल, उणे ऐंशीचा फ्रीजर, आणि प्रत्येकाची वेळ मिनिटासकट कागदावर. एका खेपेला चाळीस मिनिटं धरा. पाच खेपा म्हणजे तीन तास वीस मिनिटं, तेही दिवसभर विखुरलेले. आठ तासांचं सॅम्पल फ्रीजरात ठेवून विरारला यायचं, तर डहाणू लोकल गेलेली. वैतरणेचा पूल ओलांडून घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असायची.

जेवताना दिरांपाशी रडगाणं गायले. ते तारापूरच्या एमआयडीसीत शिफ्ट बघतात. म्हणाले, "वहिनी, आम्ही रिअ‍ॅक्टर मोजून माणसं लावली तर प्लँट बंद पडेल. माल शिजताना फार हात लागत नाहीत. धुलाई, सॅम्पलिंग, माल बदलणं, हात तिथे लागतात." घास हातातच राहिला. मी दीड वर्ष पेशंटच मोजत होते, साहेबांसारखेच.

दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवस डायरीच्या मागच्या पानांवर मिनिटं लिहिली. सगळ्यात जास्त वेळ गेला तो साहेबांच्या हिशेबात नसलेल्या माणसांवर. जव्हारकडच्या एक आजी आल्या. वारली मला थोडी येते, म्हणून संमतीला मलाच बोलावतात. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्रयस्थ साक्षीदार शोधा; नव्या औषधाची ट्रायल, म्हणून व्हिडिओ; मुलाचे प्रश्न वेगळेच. सकाळ गेली. दुपारी रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन कमी, ट्रायलमध्ये बसत नाहीत. त्या हिशेबात या सकाळची किंमत शून्य.

पुढे कळलं की हे मोजायची पट्टी आधीपासून आहे. कॅनडात ऑन्टारिओतल्या लोकांनी २०११ मध्ये ती छापली: पेशंट किती हे नंतर, आधी प्रोटोकॉल किती किचकट त्याला गुण. आमच्याकडे एकानेही कधी तिचं नाव काढलं नव्हतं.

नवीन मुली विचारतात म्हणून सांगते. प्रोटोकॉलमधला व्हिजिटींचा तक्ता ट्रायल सुरू व्हायच्या आधी मागून घ्या आणि ट्यूबा मोजा. स्पॉन्सरशी पैशांचा करार व्हायच्या आत तुमचे तास सांगा. नंतर सांगून कुणी एक रुपया वाढवत नाही. सलग सॅम्पलिंगचे दोन पेशंट एका दिवशी घेऊ नका, आणि शुक्रवारी तर नकोच, ड्राय आइसचा कुरिअर शनिवार-रविवार कुठे अडकेल सांगता येत नाही. उपचार संपलेले पेशंट संपलेले नसतात, त्यांचे फोनही हिशेबात धरा. प्रोटोकॉल बदलला की जुन्यांची संमती बहुधा पुन्हा घ्यावी लागते, तेही धरा. एखाद्याला अचानक अ‍ॅडमिट करावं लागलं तर ट्रायलच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे चोवीस तासांत कळवायचं असतं. जबाबदारी डॉक्टरांची, कागद तुमचे. तो दिवस गेलाच समजा. आणि "वॉर्डातून एक सिस्टर देतो" याला भुलू नका. डेलिगेशन लॉगवर, म्हणजे कामं सोपवल्याच्या यादीवर, जिचं नाव नाही, ट्रेनिंग नाही, ती ट्रायलच्या सॅम्पलला हात लावू शकत नाही. रजेवर जायच्या आधी दुसरीचं नाव चढवून घ्या. डबा वेळेवर खा. बोलणं लेखी ठेवा.

खुलाशाला मी ती चौदा दिवसांची मिनिटं जोडली होती. साहेबांनी पानं उलटलीसुद्धा नाहीत. "फाइलला लावा," म्हणाले. मी आता तिथे नाही, मेमो आहे. तो मागे घ्या म्हणून तीन अर्ज दिले. पहिल्या दोन अर्जांची पोच घेतली नव्हती, ते अर्ज मिळालेच नाहीत म्हणतात. तिसऱ्यावर शिक्का मारून घेतलाय.