घटक ४.३ : कामगार आणि मानवी हक्क

भारतातील मानवी हक्कांचा इतिहास १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्यापासून सांगण्याचा प्रघात अपुरा आहे. ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्येच मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्यांचा अर्ज सिद्ध केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर वेतन, अपघातग्रस्तास भरपाई, असे त्यांचे मागणे होते. त्यांपैकी सुट्टी मिळण्यास १८९० साल उजाडले.

संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगार व सक्तीचे श्रम यांस मनाई केली. परंतु सक्ती कशास म्हणावे? १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करावे लागणारे कामही सक्तीचेच होय. गरिबीपुढे दुसरा पर्याय नसलेल्याची संमती ही खरी संमती नव्हे. हा अनुच्छेद खासगी मालकासही बांधील करतो, हे विशेष. राज्य औद्योगिक विकास महामंडळाचे पहिले क्षेत्र असलेल्या वागळे इस्टेटमध्ये ठेकेदारामार्फत राबणाऱ्या कामगारास हा निकाल म्हणूनच जवळचा आहे.

उपक्रम : परिचित कंत्राटी कामगाराची वेतनचिठ्ठी, त्याच्या संमतीने, शासनाने जाहीर केलेल्या किमान वेतनाशी ताडून पाहा.