सावध ड्रायव्हिंगचा कोर्स : मोबाईलवर की मैदानावर?

कापडाचे तागे असोत, फर्निचर असो वा बेकरीचा माल. तो गिऱ्हाइकाच्या दारात जातो टेम्पोतून. आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपैकी अनेकांनी कर्ज काढून स्वतःचा छोटा हत्ती किंवा पिकअप घेतलेला आहे. मालाचा भाव, गाळ्याचे भाडे, हप्ता या सर्वांचा हिशोब आपण चोख ठेवतो. मात्र गाडी ज्याच्या हाती देतो तो ती कशी चालवतो, याचा विचार बहुधा अपघात झाल्यावरच होतो.

अलीकडे ‘डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग’च्या कोर्सच्या जाहिराती मोबाईलवर दिसू लागल्या आहेत. समोरचा चुकणारच आहे असे धरून गाडी चालवणे, एवढाच त्या इंग्रजी नावाचा अर्थ. काही कोर्स घरबसल्या, तर काही प्रत्यक्ष गाडीवर होतात. घरबसल्याचा स्वस्त पडतो आणि गाडीचा खाडाही होत नाही. मग पैसे कोठे घालावेत?

अमेरिकेत या कोर्सचा मोठा बाजार आहे, त्याचे कारण आधी समजून घेतले पाहिजे. न्यूयॉर्क राज्यात मान्यताप्राप्त कोर्स केला की वाहतूक गुन्ह्यांसाठी लागलेल्या गुणांपैकी चारपर्यंत गुण हिशोबातून कमी धरले जातात आणि विम्याच्या मूळ हप्त्यात तीन वर्षे दहा टक्के सूट मिळते. कोर्स किमान ३२० मिनिटांचा असतो. तेथील माणूस त्या कागदासाठी पैसे मोजतो, आणि कागद घरबसल्या मिळत असेल तर वर्गात कशाला जाईल? आपल्याकडे ही सोय नाही. असा कोर्स केला म्हणून चलन माफ होत नाही. थर्ड पार्टी विम्याचे दर केंद्र सरकार ठरवते, तेही प्रमाणपत्र दाखवून कमी होत नाहीत. तेव्हा आपल्या माणसाच्या हातात खरोखर काय उतरले, एवढाच आपला नफा आहे. जाहिरातीतले गुळगुळीत प्रमाणपत्र दुकानात टांगण्यापलीकडे फारसे उपयोगाचे नाही.

लायसन्सच्या बाबतीत एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी असा निर्णय दिला की, हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेल्यास ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवण्यासाठी वेगळ्या परवानगीची गरज नाही. लहान व्यापाऱ्याला याने मोठा दिलासा मिळाला. पण याची दुसरी बाजूही आहे. ज्या मुलाने छोट्या मोटारीवर परीक्षा दिली, तो दुसऱ्या दिवशी दीड टन माल भरलेला पिकअप घेऊन कसारा घाट उतरू शकतो. कायदा त्याला अडवत नाही. भरलेली गाडी ब्रेकला किती उशिरा दाद देते, हे मात्र त्याला कोणीच दाखवलेले नसते.

मोबाईलवर काय शिकता येते? पुष्कळ काही. रस्त्यावरच्या खुणा, कोणास आधी वाट द्यायची, कायद्यातील दंड आणि वेगाचे गणित. हे गणित प्रत्येक टेम्पोवाल्याला तोंडपाठ असावे. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, तर ८० च्या वेगाने २२ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबायला जे अंतर लागते ते वेग दुप्पट झाला की दुप्पट होत नाही, चौपट होते. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात सेकंद मोजावेत. आपण त्या खांबाशी पोहोचेपर्यंत निदान दोन सेकंद गेले पाहिजेत. पाऊस असेल वा गाडी भरलेली असेल तर चार. चित्रे दाखवून हे पडद्यावर उत्तम समजावता येते, पुन्हा पुन्हा पाहता येते, आणि रात्री दुकान बंद झाल्यावरही शिकता येते. अडचण अशी की ड्रायव्हर मोबाईल उशाशी लावून झोपला आणि धडे आपोआप पुढे सरकले, तरी प्रमाणपत्र येऊ शकते. कोर्स इंग्रजीत असेल तर विचारूच नका.

आता हाताच्या सवयींकडे वळू. आपले बहुतेक ड्रायव्हर क्लीनर म्हणून लागतात आणि उस्तादाकडे पाहून शिकतात. उस्तादाची शिकवण मोलाची असते, तशाच त्याच्या खोडीही शिष्याकडे येतात. सर्वांत घातक खोड म्हणजे डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणे, काही वेळा इंजिनही बंद करणे. इंजिन बंद झाले की पॉवर ब्रेकचा जोर ओसरतो. सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात आणि ऐन वळणावर पकडत नाहीत. शिवाय नव्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन आपोआप तुटते, म्हणजे न्यूट्रलने बचतही होत नाही. हे मोबाईलवर ऐकून माणूस मान डोलावतो आणि घाट आला की हात आपसूक न्यूट्रलकडे जातो. शेजारी बसलेला प्रशिक्षक तो हात तिथल्या तिथे धरतो. दहा मिनिटांत डाव्या आरशात एकदाही पाहिले नाही, ट्रकच्या मागे अगदी चिकटून चाललास, हे सांगणारा माणूसच लागतो.

सरकारचे मापही काहीसे असेच आहे. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात हलक्या वाहनाचा कोर्स २९ तासांचा असतो. त्यातले ८ तास वर्गातले आणि २१ तास गाडीवरचे. महाराष्ट्रात जून २०२१ पासून शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते; पक्क्या लायसन्ससाठी मात्र गाडी चालवूनच दाखवावी लागते.

ज्यांच्या गाडीत रसायनांची पिंपे किंवा तत्सम धोकादायक माल जातो, त्यांना निवडीचा प्रश्नच नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९ प्रमाणे अशा ड्रायव्हरला मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि त्याच्या अभ्यासक्रमात डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग नावानिशी आहे. वर सांगितलेली ७,५०० किलोची सवलत या मालाला लागू नाही. योग्य लायसन्स नसलेल्याच्या हातून अपघात झाला, तर विमा कंपनीने जखमीला भरपाई द्यावी आणि ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयांनी वेळोवेळी दिले आहेत. त्या वसुलीत गाळासुद्धा विकायची वेळ येऊ शकते.

म्हणून आमचे मत असे की, ड्रायव्हरसाठी पैसे गाडीवरच्या शिक्षणात घालावेत. एक दिवस का होईना. मोबाईलवरचा कोर्स मात्र मालकाने स्वतः करावा. यात चेष्टा नाही. ‘सात वाजेपर्यंत भिवंडीला माल पोहोचला पाहिजे’ असे फोनवर बजावणारे आपणच असतो. रात्रभर जागलेल्याला पहाटे पुन्हा फेरीवर पाठवणारे, पासिंगपेक्षा चार गाठी जास्त चढवणारे आणि तो गाडी चालवत असताना ‘कुठवर आलास?’ म्हणून पाच वेळा फोन करणारेही आपणच. थांबण्याच्या अंतराचे गणित शेठला कळले तर निघण्याची वेळ अर्धा तास आधी ठरेल.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. आमच्याच टेम्पोवर शिकवाल का? गाडी भरलेली असताना शिकवाल का? हायवेवर, शक्यतो अंधार पडल्यावर, एकेका ड्रायव्हरला किती वेळ द्याल? छोट्या मोटारीवर मैदानात चार फेऱ्या मारून आणणारी शाळा नवशिक्यासाठी ठीक आहे, दहा वर्षे गाडी चालवलेल्याला तिचा उपयोग नाही. आणि ड्रायव्हर कोर्सला जाईल त्या दिवसाची मजुरी कापू नये. मजुरी कापली तर पुढच्या वेळी तो आजारी पडेल.