चित्रकार रझा यांची जडणघडण आणि प्राथमिक शाळेतील चित्रकला

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास बहुधा दिवसाच्या शेवटी असतो. आणि गणिताचा किंवा भाषेचा अभ्यास मागे पडला की पहिली काट त्याच तासावर बसते. चित्रकला हा उपजत हात असलेल्या चार-दोन मुलांचा विषय आहे, इतरांचा त्यात केवळ वेळ जातो, असा समज यामागे असतो. हा समज कितपत खरा आहे हे पाहावयाचे असल्यास एखाद्या थोर चित्रकाराचा विकास पायरीपायरीने तपासून पाहणे उपयुक्त ठरते. नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले सय्यद हैदर रझा (१९२२-२०१६) यांचे चरित्र या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. कारण त्याचे मूळ एका खेडेगावच्या प्राथमिक शाळेत सापडते.

खेड्यातील शाळा

रझा यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया या गावी झाला. वडील वनखात्यात नोकरीस असल्यामुळे त्यांचे बालपण नर्मदेच्या खोऱ्यातील अरण्यात गेले. रात्रीच्या गडद काळोखाचे भय, सकाळी उजाडल्यावर वाटणारा धीर आणि आठवड्याच्या बाजारातील रंगांची लयलूट या गोष्टी त्यांच्या मनावर कायमच्या ठसल्या, असे ते पुढे सांगत असत.

ककैया येथील शाळेत मात्र त्यांचे चित्त स्थिर नसे. मुख्याध्यापक नंदलाल झारिया यांच्या हे ध्यानात आले. त्यांनी एके दिवशी शाळेच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि मुलास समोर बसवून, इतर सर्व विसरून केवळ त्या ठिपक्याकडे पाहत राहण्यास सांगितले.

या प्रसंगाचा अर्थ शिक्षकांनी नीट समजून घेतला पाहिजे. ठिपक्यामुळे मुलगा चित्रकार झाला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. झारिया यांनी त्यास चित्रकला शिकविली नाही. एका गोष्टीवर दृष्टी ठेवून स्थिर बसणे, एवढेच शिकविले. चंचल मुलास ‘लक्ष दे’ असे शंभर वेळा सांगून जे साधत नाही, ते लक्ष कोठे द्यावयाचे हे दाखविल्याने साधू शकते. त्यासाठी भिंत आणि हात यांखेरीज कोणतेही साहित्य लागले नाही.

नागपूरचे शिक्षण

मंडला जिल्हा त्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत असे आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. दमोह येथे शालेय शिक्षण पुरे करून रझा नागपूरला आले आणि १९३९ ते १९४३ या काळात नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये बापूराव आठवले यांच्या हाताखाली शिकले. कलाशाळेतील शिक्षण म्हणजे हाताला लावावयाची शिस्त होय. समोरची वस्तू आहे तशी रेखाटणे, जवळचे मोठे व दूरचे लहान का दिसते हे समजून घेणे, छाया-प्रकाशाचे प्रमाण राखणे, जलरंग कागदावर आवरणे, या गोष्टी पुनःपुन्हा केल्याशिवाय येत नाहीत. पाहण्याची सवय बालपणी लागलेली असली, तरी पाहिलेले कागदावर उतरविण्याचे बळ अशा सरावातूनच येते. नागपूरचे शिक्षण संपल्यावर रझा यांनी काही काळ गोंदिया व आमगाव येथे चित्रकलाशिक्षक म्हणून काम केले.

मुंबईतील वर्षे

१९४३ मध्ये त्यांना मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. परंतु ते मुंबईस पोहोचले तेव्हा प्रवेशाची मुदत संपली होती, आणि शिष्यवृत्तीही गेली. त्यांनी परतीची वाट धरली नाही. एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओ या छपाईचे ठसे तयार करणाऱ्या संस्थेत त्यांनी आरेखकाची नोकरी पत्करली आणि उरलेल्या वेळात मुंबईच्या रस्त्यांची जलरंगचित्रे काढण्यास आरंभ केला. पुढे कलाशाळेतही त्यांस प्रवेश मिळाला व १९४७ पर्यंत त्यांनी तेथे शिक्षण घेतले.

त्याच वर्षी फ्रान्सिस न्यूटन सूझा, कृष्णाजी हौलाजी आरा, मकबूल फिदा हुसेन, सदानंद बाकरे आणि हरी अंबादास गाडे यांच्यासह ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक सदस्य झाले. यांपैकी गाडे हे विदर्भातील होते.

१९४८ मध्ये काश्मीरात त्यांची फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी भेट झाली. चित्रांत गुण आहे, परंतु रचना नाही. घराला जसा पाया, भिंती व तुळया लागतात तशी चित्रालाही बांधणी लागते. सेझान या चित्रकाराचा अभ्यास करावा, असा अभिप्राय त्यांनी दिला. सव्वीस वर्षांच्या आणि नाव मिळू लागलेल्या तरुणास असे ऐकणे सोपे नव्हते. रझा यांनी ते मनावर घेतले, फ्रेंच भाषा शिकले आणि फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून १९५० मध्ये पॅरिसला गेले.

फ्रान्स आणि बिंदू

पॅरिसच्या राष्ट्रीय कलाशाळेत त्यांनी १९५३ पर्यंत अभ्यास केला. या काळातील त्यांच्या चित्रांत घरे व गावे रेखीव भौमितिक आकारांनी बांधलेली दिसतात. १९५६ मध्ये त्यांना तेथील समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. तो मिळविणारे ते पहिले बिगरफ्रेंच चित्रकार होते. १९६२ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात ते अभ्यागत अध्यापक होते. यशाच्या दृष्टीने पाहता येथे चरित्र पूर्ण झाले असते.

परंतु रझा यांचे समाधान झाले नव्हते. चित्रकलेचे तंत्र हाती आले, पण त्यात आपले स्वतःचे काय आहे, हा प्रश्न त्यांस बोचू लागला. त्यांनी भारतात पुनःपुन्हा प्रवास केला. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या चित्रांत मध्यभागी एक काळे वर्तुळ येऊ लागले. तोच त्यांचा ‘बिंदू’. त्याभोवती त्रिकोण, चौकोन आणि पंचमहाभूतांचे रंग यांची मांडणी होऊ लागली, आणि काही चित्रांत देवनागरी अक्षरेही उमटली. या बिंदूचे मूळ ते झारिया गुरुजींनी भिंतीवर काढलेल्या ठिपक्यात सांगत. त्या ठिपक्यापासून या चित्रांपर्यंत सुमारे पन्नास वर्षे गेली होती.

सुमारे साठ वर्षे फ्रान्समध्ये राहूनही रझा यांनी भारतीय नागरिकत्व सोडले नाही. ते भारतात परतले आणि २३ जुलै २०१६ रोजी दिल्ली येथे निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले.

वर्गातील उपयोग

या चरित्रात विकासाच्या चार पायऱ्या स्पष्ट दिसतात : स्थिरपणे पाहणे, हाताला शिस्त लावणे, रचना समजणे आणि शेवटी स्वतःचे काही सापडणे. प्राथमिक शिक्षकाचा संबंध मुख्यतः पहिल्या पायरीशी आणि थोडा दुसरीशी येतो. तिसरी व चौथी त्याच्या हयातीत दिसतीलच असे नाही. म्हणून मुलाच्या चित्रावरून त्याच्या भवितव्याचा निकाल देण्याच्या भरीस शिक्षकाने पडू नये. पुढील गोष्टी मात्र कोणत्याही शाळेत करता येतील.

१. चित्र काढण्यापूर्वी पळसाचे पान, कणीस किंवा मडके यांपैकी एक वस्तू समोर ठेवून मुलांस पाच मिनिटे न बोलता पाहू द्यावी. मग वस्तू झाकून आठवणीने काढावयास सांगावी.

२. मुलाच्या चित्रावर शिक्षकाने आपला हात चालवू नये. चूक दाखवावयाची तर पुन्हा वस्तूकडे पाहावयास लावावे.

३. रंगपेटी नसल्यास गेरू, कोळसा, चुना आणि हळद यांवर काम भागवावे.

४. प्रत्येक चित्रामागे तारीख घालून वर्षभराची चित्रे जपावीत. वर्षअखेर मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी न करता त्याच्याच जूनमधील चित्राशी करावी.

५. ज्या मुलाचे चित्त कोठेच ठरत नाही, त्यास वर्गाबाहेर उभे करण्यापूर्वी पाहण्यासाठी एक निश्चित वस्तू द्यावी, आणि काय दिसले ते त्याच्याकडून शांतपणे ऐकून घ्यावे.