डीएससी घेतली, पण सही होत नाही? जीएसटी पोर्टलचं सेटअप एकदाच नीट करा



आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा मला २० तारखेला संध्याकाळी फोन आला. मसाल्यांचा व्यवसाय, दोन भागीदारांची एलएलपी. "सर, जीएसटीआर-३बी तयार आहे, पैसेही भरलेत, पण सहीच होत नाहीये!" मी म्हटलं, टोकन लावा. तर म्हणाल्या, "टोकन अकाउंटंटकडे असतं, पिनसकट. आणि ते गावाला गेलेत."

टोकन त्यांच्याकडे का दिलं होतं? कारण ताईंच्या कॉम्प्युटरवर ते कधी चाललंच नव्हतं. एका सेटअपचा कंटाळा केला आणि स्वतःची सहीच दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये गेली. म्हणून आजचा धडा हा, व्हिडिओसोबत वाचून करण्यासाठी.

आधी बघा, तुम्हाला डीएससी लागते का?

जीएसटी पोर्टलवर कंपनी आणि एलएलपी यांना डिजिटल सही बंधनकारक आहे. तुमची प्रोप्रायटरशिप असेल तर ओटीपीवर, म्हणजे ईव्हीसीने काम होतं. उगाच खर्च करू नका. सरकारी टेंडर भरायचं असेल तर मात्र बहुतेक वेळा डीएससी लागते. १ जानेवारी २०२१ पासून क्लास २ देणं बंद झालंय, त्यामुळे आता क्लास ३ च घ्यायची.

सही नेमकी होते कशी?

हे समजलं की निम्म्या अडचणी संपतात. तुमच्या सहीची गुप्त किल्ली त्या यूएसबी टोकनच्या आत असते आणि बाहेर येत नाही. वेबसाइटला तुमच्या यूएसबीत थेट हात घालता येत नाही. म्हणून मध्ये एक निरोप्या लागतो. जीएसटीसाठी त्याचं नाव एमसायनर. पोर्टल एमसायनरला सांगतं, एमसायनर टोकनकडून सही करून आणतो. म्हणजे साखळी अशी: टोकन, त्याचा ड्रायव्हर, एमसायनर, ब्राउझर, पोर्टल. यातली एक कडी तुटली की सही अडली.

आता सेटअप, याच क्रमाने

१. ड्रायव्हर: टोकन लावा आणि त्या कंपनीचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करा. ते उघडून पिन टाका. तुमचं नाव आणि मुदतीची तारीख दिसली पाहिजे. इथे सर्टिफिकेट दिसत नसेल तर पुढे जाऊच नका.

२. एमसायनर: जीएसटी पोर्टलवर डीएससी नोंदणीच्या पानावरच त्याची लिंक असते. तिथूनच घ्या, व्हॉट्सअॅपवर आलेली फाइल नको. आयकॉनवर राइट क्लिक करून 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करा. खाली घड्याळाजवळ आयकॉन दिसला की तो चालू आहे.

३. ब्राउझरची परवानगी: बहुतेक जण इथेच अडकतात. अॅड्रेस बारमध्ये एचटीटीपीएस लावून १२७.०.०.१:१५८५ हा पत्ता टाका (आकडे इंग्रजीतच टाइप करा). ब्राउझर धोक्याचा इशारा देईल. 'अॅडव्हान्स्ड' मध्ये जाऊन 'प्रोसीड' करा. घाबरू नका, १२७.०.०.१ म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर. पण लक्षात ठेवा, ही सवलत फक्त या पत्त्याला. दुसऱ्या कुठल्या साइटवर असा इशारा आला तर मागे फिरा.

४. नोंदणी: लॉगिन करून 'माय प्रोफाइल' मध्ये 'रजिस्टर/अपडेट डीएससी' निवडा. ज्यांची सही आहे त्यांचा पॅन निवडा, सर्टिफिकेट निवडा, साइन करा, पिन टाका. सर्टिफिकेटमधला पॅन आणि पोर्टलवरच्या अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा पॅन एकच हवा. डीएससीचं नूतनीकरण केलं की ही नोंदणी परत करायची. हे हमखास विसरलं जातं.

अडलं तर

• 'फेल्ड टू एस्टॅब्लिश कनेक्शन' असा मेसेज: एमसायनर बंद आहे किंवा पायरी ३ राहिली आहे. एमसायनर बंद करून परत अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करा. तरी नाही झालं तर अँटीव्हायरस त्याला अडवतोय का ते तपासा.

• यादीत सर्टिफिकेटच नाही: पायरी १ ला परत जा. मुदत संपली आहे का तेही पाहा.

• पिन आठवत नाही: अंदाजाने टाकत बसू नका. ठराविक वेळा चुकला की टोकन लॉक होतं. टोकन पुसून पहिल्यासारखं केलं तर आतलं सर्टिफिकेटही जातं, आणि मग नवीन डीएससी घ्यावी लागते.

टेंडर किंवा कंपनी नोंदणीच्या पोर्टलचं सॉफ्टवेअर वेगळं असतं, पण साखळी हीच. त्याच क्रमाने तपासत जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ५ प्रमाणे डिजिटल सहीला हाताच्या सहीसारखीच मान्यता आहे. आणि कलम ४२ सांगतं की ती गुप्त किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी तुम्हीच घ्यायची. टोकन आणि पिन दोन्ही देणं म्हणजे सही केलेलं कोरं चेकबुक देणं. माणूस कितीही विश्वासू असो! अकाउंटंटनी रिटर्न तयार करावं, तुम्ही वाचावं, आणि सही तुम्ही करावी.

ताईंचं रिटर्न त्या महिन्यात उशिरा गेलं, दिवसाला ५० रुपये लेट फी लागली. पुढच्याच आठवड्यात त्यांनी टोकन परत आणलं, पिन बदलला आणि वरचं सेटअप स्वतः केलं. पहिल्यांदा आकडे वाचून सही केली, तेव्हा खरेदीची दोन बिलं राहिलेली त्यांनाच सापडली.

गृहपाठ: आज टोकन शोधा, मुदतीची तारीख बघा आणि मोबाइलमध्ये महिनाभर आधीचं रिमाइंडर लावा. सेटअप १० तारखेच्या आत करून ठेवा, २० तारखेला नाही. कुठे अडलात तर मेसेज जसाच्या तसा व्हिडिओखाली लिहा. पिन मात्र लिहू नका हं!

भेटू पुढच्या धड्यात.