दुसरी ऑर्डर

चि. मृणाल हिस,


सोलं, आगळ आणि कुळथाचं पीठ ऑनलाइन विकायचं तू ठरवलंस, वेबसाइटचं नावही पक्कं झालं, असं ताई फोनवर म्हणाली. जाहिरातीला किती पैसे ठेवावेत, हे मला विचारायला सांगितलंस म्हणे. माझी सगळी नोकरी टपाल खात्यात, पार्सलच्या खिडकीवर गेली. जाहिरातीत मला फारसं गम्य नाही. पण लांबचं गिऱ्हाईक कशाने टिकतं आणि कशाने तुटतं, ते त्या खिडकीतून बरंच दिसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकान उघडणं हल्ली दुपारभराचं काम आहे. पहिल्या ऑर्डरी मावश्या, शेजारी आणि कॉलेजच्या मैत्रिणी देतीलच. त्या मोजू नकोस. नागपूरचा किंवा नाशिकचा, तुझ्या ना नात्याचा ना ओळखीचा माणूस दुसऱ्यांदा माल मागवील, त्या दिवशी तुझं दुकान चालू झालं असं समज. खालचं सगळं त्या दुसऱ्या ऑर्डरीसाठी आहे.

आधी मालाचं वर्णन. गिऱ्हाइकाला वास घेता येत नाही, हात लावून बघता येत नाही; तू लिहिलेल्या चार ओळींवर तो पैसे मोजतो. घाटावरच्या पुष्कळांना आगळ आणि कोकम सरबताचं सिरप यातला फरक ठाऊक नसतो. बाटलीतलं आगळ सरबताच्या हिशोबाने पेल्यात ओतलं की तोंड खारट होणार आणि शिव्या तुला बसणार. म्हणून ठळक लिही : हा मिठातला रस आहे, साखर नाही, सोलकढीला चार माणसांत किती चमचे घालायचे तेही सांग. सोलांचा फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढ आणि रंग वाढवू नकोस. उन्हात वाळलेलं, रसाची पुटं चढलेलं सोल काळपटच दिसतं. फोटोत लालभडक आणि घरी काळं आलं, तर माल चांगला असूनही तू खोटी ठरतेस.

मग पार्सल. आगळाची बाटली नुसत्या झाकणावर सोडू नकोस. आतलं बूच, वर झाकण, त्यावर टेप, आणि मग रात्रभर वर्तमानपत्रावर उलटी ठेव. सकाळी कागदावर डाग दिसला तर ती बाटली घरच्या सोलकढीला. भरलेला खोका खांद्याच्या उंचीवरून एकदा टाकून बघ; वाटेत त्याला याहून वाईट वागणूक मिळते. खोक्याचं मापही बघ. बरेच कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5,000 ने भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त भरलं तर त्याचेच पैसे लावतात. 30 × 20 × 15 चा खोका 1.8 किलोचा धरला जातो, आत माल 900 ग्रॅमच का असेना. तोच माल 24 × 16 × 10 मध्ये बसला तर हिशोब एक किलोच्या आत येतो. रिकाम्या जागेचं भाडं भरणारे दुकानदार मी पुष्कळ पाहिले.

पत्ता घेताना पिनकोड ताडून बघ. 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झालेली ही पद्धत आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची. सहांतला एक आकडा चुकला तरी पार्सल भलत्याच गावी जातं.

किंमत ठरवताना माल, बाटली, खोका, टेप, पैसे ऑनलाइन घेण्याचं कमिशन आणि परत आलेल्या पार्सलांचं दुहेरी भाडं, सगळं धर. तुझी मजुरीही धर; घरचं काम म्हणून ती सोडू नकोस. ‘माल आल्यावर पैसे’ ही सोय सुरुवातीला ओळखीच्या नंबरांपुरतीच ठेव, कारण दारातून पार्सल परत पाठवणाऱ्याचं काहीच जात नाही. कोकमाचा हंगाम उन्हाळ्याचा. मिरगाआधी सोलं वाळून डब्यात गेली पाहिजेत आणि वर्षभराचं भांडवल त्यात अडकणार, हे लक्षात ठेवून पैसे हाताशी ठेव.

कागदपत्रांत चालढकल नको. खाण्याचा माल म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी आणि तिचा 14 आकडी क्रमांक लेबलवर हवा. शिवाय निव्वळ वजन, किंमत, घटक, तयार केल्याचा महिना, तुझा पत्ता आणि फोन. बांद्यापलीकडे पार्सल गेलं की राज्य बदललं. असा माल परराज्यात विकायचा तर उलाढाल लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. आपल्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याची खूण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय बाटलीवर छापू नकोस.

आता जाहिरात. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर मालाची यादी फुकट लावता येते, ती लाव. पण नात्यागोत्याच्या प्रत्येक ग्रुपवर रोज सकाळी फोटो टाकलेस तर लोक तोंडावर ‘छान’ म्हणतील आणि नंबर बंद करतील. त्यापेक्षा प्रत्येक खोक्यात सोलकढीची कृती छापलेला कागद घाल आणि आठवड्याने एकदाच विचार, माल कसा वाटला. चुलतभावांकडून पाच-पाच तारे लावून घेऊ नकोस. ग्राहक बनून खोटे अभिप्राय लिहायला 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत मनाई आहे. तक्रार आली तर 48 तासांत पोच द्यावी, असंही तेच नियम सांगतात. तू संध्याकाळपर्यंत दे. बाटली फुटली असेल तर वाद न घालता दुसरी पाठव.

पैसे देऊन जाहिरात करशील तेव्हा हा हिशोब मांड : 3,000 रुपयांत 20 ऑर्डरी आल्या, म्हणजे एका गिऱ्हाइकामागे 150 रुपये गेले. एका ऑर्डरीत तुला 60 सुटत असतील, तर तो माणूस तिसऱ्यांदा आला तेव्हाच तुझं नुकसान भरून निघालं. परत न येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी जाहिरात करणं म्हणजे आतबट्ट्याचा धंदा.

आणि एक. पैसे भरल्याच्या स्क्रीनशॉटवर माल सोडू नकोस, खात्यात रक्कम आलेली बघ. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. तो टाकायला सांगणारा भामटाच असतो.

तेव्हा जाहिरातीचे पैसे तूर्त बँकेतच राहू देत. दहा अनोळखी माणसांनी दुसऱ्यांदा माल मागवला की मला कळव. मग खुशाल जाहिरात कर. पहिल्या खेपेचे पैसे मी घालीन.

तुझा,
मामा