दारू सोडायची आहे, पण इथे जायचं कुठे?

न्यू जर्सी असो, बे एरिया असो वा डॅलस, नव्याने आलेल्या मराठी घरात दारूचा त्रास सुरू झाला की पहिली भीती वाटते ती मंडळात कळेल याची. या भीतीपोटी वर्षं वाया गेलेली घरं आम्ही पाहिली आहेत, म्हणून हे लिहितो आहोत.

एक गोष्ट सगळ्यांत आधी. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्यांच्या आग्रहाखातर एकदम बंद करू नये. हात थरथरतात, फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भास, भ्रम सुरू झाले तर जिवावर बेततं. आधी डॉक्टरांना किती पितो ते खरंखरं सांगा. फिट आली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर ९११. उपचार कुठे मिळतील ते विचारायला १-८००-६६२-४३५७ ही सरकारी हेल्पलाइन दिवसरात्र मोफत चालते. नाव गुप्त राहतं. पुढे सांगितलेल्या मीटिंगने आधार मिळतो, पण ती औषधोपचाराची जागा घेत नाही.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., १९३५ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये सुरू झाली. दारूने पोळलेले एक शेअर दलाल आणि एक सर्जन एकमेकांशी बोलत राहिले, त्यातून ती उभी राहिली. आजही काम तेच: पिणं थांबवलेल्याने थांबवू पाहणाऱ्याशी बोलायचं. फी नाही, फॉर्म नाही. थांबण्याची इच्छा एवढीच अट. व्हिसा कोणता हे कोणी विचारत नाही, आडनावही नाही. तुमच्या गावातल्या मीटिंग फोनवरच्या ‘मीटिंग गाइड’ या मोफत अ‍ॅपवर दिसतात. ‘ओपन’ मीटिंगला कोणीही बसू शकतं, सोबत बायको किंवा भाऊही. ‘क्लोज्ड’ फक्त पिणाऱ्यांसाठी. ओळखीचं कोणी भेटेल अशी धास्ती असेल तर शेजारच्या गावात जा. आणि भेटलंच, तर तोही त्याच कारणाने आलेला असतो.

मीटिंग बहुतेकदा चर्चच्या तळघरात किंवा हॉलमध्ये भरते. ‘आपल्याला ख्रिश्चन करतील का?’ हा प्रश्न आम्हाला दरवेळी विचारला जातो. नाही. चर्चला जागेचं भाडं दिलेलं असतं, संबंध तेवढाच. शेवटी हात धरून प्रार्थना होते तेव्हा गप्प उभं राहिलं तरी चालतं. ‘आपल्याहून मोठी शक्ती’ असं ते म्हणतात, तिथे कोणी विठ्ठल मानतो, कोणी समोर बसलेली माणसंच. देवाचा विषयच नको असेल, तर विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारी स्मार्ट रिकव्हरी ही वेगळी संस्था आहे.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी पोहोचा, कॉफी घ्या, मागे बसा. साधारण तासभर लोक पाळीपाळीने स्वतःचं सांगतात. मधे कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. नवीन कोणी आहे का असं विचारतील, तेव्हा पहिलं नाव पुरे. आपली पाळी आली की ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा. टोपली फिरते, तीत नवीन माणसाने काही टाकण्याची गरज नाही. काही जण फोन नंबर लिहून देतील. ते घ्या, आणि संध्याकाळी प्यावंसं वाटेल तेव्हा ग्लासाआधी फोन उचला. त्यासाठीच ते दिलेले असतात. पहिली मीटिंग पटली नाही तर दुसरी, तिसरी बघा, कारण प्रत्येकीची माणसं वेगळी असतात. मन इंग्रजीत उघडत नसेल तर महाराष्ट्रातल्या मराठी मीटिंग ऑनलाइनही होतात. तिथली संध्याकाळी साडेसातची मीटिंग न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळी दहाला येते.

बायकाही पितात, हे आपल्या घरांत कोणी बोलत नाही. नवरा ऑफिसात, काम करण्याची परवानगी नाही, दिवस मोठा. वाइनची बाटली किराण्यामागे ठेवलेली. अशा बहिणींसाठी फक्त स्त्रियांच्या मीटिंग असतात. स्पॉन्सर, म्हणजे पायरीपायरीने सोबत करणारी अनुभवी व्यक्ती, तीही स्त्रीच निवडावी. आणि घरच्यांनी तिला बोल लावण्याऐवजी त्या तासभर मुलांना सांभाळावं.

पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अ‍ॅनॉन आहे, किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन. तो जायला तयार नसला तरी तुम्ही जा. बाटल्या लपवणं, ऑफिसला ‘त्याला ताप आहे’ म्हणून कळवणं, सासूबाईंना फोनवर ‘सगळं छान’ सांगणं, यातून बाहेर कसं यायचं ते तिथे बसलेल्या बायका स्वतःच्या आयुष्यातून सांगतात.

पिऊन गाडी चालवताना अटक झाली तर व्हिसाही रद्द होऊ शकतो. देशाबाहेर जाण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. कोर्टाने मीटिंगला जायला सांगितलं असेल, तर कागदावर सही द्यायची की नाही हे तो गट ठरवतो. सुरू होण्याआधीच विचारून घ्या.

भारतात सुट्टीला जाल तेव्हाही तयारी हवी. लग्नघरात मामा, मित्र ग्लास पुढे करतातच. मुंबई-पुण्यासकट महाराष्ट्रात ठिकठिकाणी मराठी मीटिंग आहेत. तिकिटं काढतानाच मुक्कामाजवळची एखादी शोधून ठेवा, आणि घरातल्या एका माणसाला आधीच सांगा की रात्री जेवण झालं की आपण दोघं बाहेर चालायला जाऊ.