मिलीव्होल्टवर चालणाऱ्या गॅस-झडपेची चाचणी

गॅसच्या उपकरणातील ज्योत विझली आणि गॅस मात्र वाहत राहिला, तर अपघातास वेळ लागत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. हा धोका टाळण्यासाठी ज्योतीच्या उष्णतेवरच उघडी राहणारी झडप योजलेली असते. तिला बाहेरच्या विजेची गरज नसते.

तत्त्व : दोन भिन्न धातूंच्या तारांचा सांधा तापविला असता विद्युत्‌ दाब निर्माण होतो, हे झेबेक या शास्त्रज्ञाच्या १८२१ मधील प्रयोगांतून पुढे आले. अशा जोडीस तपयुग्म किंवा थर्मोकपल म्हणतात. लहान पायलट ज्योतीत ठेवलेले एक थर्मोकपल सुमारे २० ते ३० मिलीव्होल्ट दाब देते. एवढ्यावर झडपेतील विद्युत्‌चुंबक हाताने दाबून उघडलेली झडप केवळ धरून ठेवू शकतो. मोठ्या स्वयंपाकघरांतील ओव्हनमध्ये ही योजना आढळते. अनेक थर्मोकपल एकामागून एक जोडली की थर्मोपाइल होते. त्याचा दाब ५०० ते ७५० मिलीव्होल्टपर्यंत जातो व त्यावर मुख्य झडपही उघडते. हॉटेलांतील तळणाच्या काही यंत्रांत आणि उत्तर अमेरिकेतील घरे उबदार ठेवणाऱ्या भट्ट्यांत ही योजना असते.

चाचणीचा क्रम : (१) प्रथम ज्योत पाहावी. ती निळी व स्थिर असून तिने थर्मोकपलच्या टोकाचा सुमारे १० ते १२ मिलिमीटर भाग वेढलेला असावा. ज्योत पिवळी किंवा दुबळी असल्यास काजळी व कचरा साफ करून घ्यावा. पुष्कळ तक्रारी येथेच मिटतात.

(२) काही मिनिटे तापू देऊन मल्टीमीटरने मिलीव्होल्ट मोजावे. एकदा तारा सोडवून आणि एकदा झडप जोडलेली असताना, अशी दोन मापे घ्यावीत. दुसरे माप कमी येणे स्वाभाविक आहे. किती कमी चालेल, हे निर्मात्याच्या पुस्तिकेवरून ठरवावे.

(३) त्यानंतर जोड, तारा व थर्मोस्टॅट तपासावेत. समजा, थर्मोपाइलचा मूळ दाब ६०० मिलीव्होल्ट, त्याचा अंतर्गत रोध ३ ओहम आणि झडपेच्या वेटोळ्याचा रोध ३ ओहम आहे. प्रवाह १०० मिलीअँपिअर होईल व झडपेस ३०० मिलीव्होल्ट मिळतील. गंजलेल्या जोडामुळे ४ ओहम रोध वाढला, तर प्रवाह ६० मिलीअँपिअरवर येईल व झडपेस केवळ १८० मिलीव्होल्ट मिळतील. थर्मोपाइल आणि झडप दोन्ही निर्दोष असूनही उपकरण बंद राहू शकते ते असे. ओहमचा नियम शिकविताना शिक्षकांना हे उदाहरण उपयोगी पडेल.

(४) पुरेसा दाब झडपेपर्यंत पोचूनही ती उघडत वा टिकत नसेल, तरच झडप सदोष मानावी व पूर्ण बदलावी. ती खोलून दुरुस्त करू नये.

(५) शेवटी सुरक्षेची परीक्षा घ्यावी. गॅसचा मूळ नळ बंद करून ज्योत विझू द्यावी. थर्मोकपल थंड होताच झडप मिटल्याचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. एका थर्मोकपलच्या उपकरणात तो साधारणतः एका मिनिटाच्या आत येतो. थर्मोपाइलला थोडा अधिक वेळ लागू शकतो. आवाज न आल्यास ते उपकरण वापरात ठेवू नये.

दक्षता : झडपेस घरगुती वीज किंवा बॅटरी जोडू नये; वेटोळे जळते. गॅसची गळती साबणाच्या पाण्याने शोधावी, काडी पेटवून कधीही नाही. वास आल्यास विजेचे बटण चालू वा बंद न करता दारे-खिडक्या उघडाव्यात, नळ बंद करावा आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. नळ्या खोलण्याचे काम प्रशिक्षित कारागिराकडेच सोपवावे.

वारंवार बंद पडणारी झडप कामात खोळंबा करते, म्हणून तिची कळ दोरीने बांधून किंवा पाचर ठोकून ठेवण्याचा मोह होतो. तसे केल्यास ज्योत विझल्यावर गॅस अडविणारे काहीच उरत नाही. वसतिगृहे व शाळांच्या स्वयंपाकघरांवर देखरेख करणाऱ्यांनी अशी बांधलेली कळ दिसताच ते उपकरण बंद करून वरील क्रमाने तपासून घ्यावे.